जर्मनीवाली

तो सरळ माझ्या अंगावरच पडणार होता.

जबलपूरच्या गढा भागातल्या सभागृहामागे टेंट हाऊसच्या गाद्यांचा ढीग रचला होता आणि त्याच्या आडोशाला मी पाय पसरून बसले होते. आत आमच्या समाजाचा वधू-वर परिचय मेळावा चालू होता. मुलामुलींनी स्टेजवर जायचं, माईकवर नाव, शिक्षण, नोकरी सांगायची आणि हात जोडून उतरायचं. माझं सांगून झालं होतं. 'यशोधरा दयाराम मेश्राम, नर्स, फ्रँकफर्ट, जर्मनी' एवढं म्हटल्यावर हॉलमध्ये जी कुजबुज उठली, तिला भिऊनच मी मागच्या दारानं सटकले होते.

तेवढ्यात छातीला नंबरचा बिल्ला लावलेला एक उंच मुलगा आला. डोळे अर्धे मिटलेले. आला तसा त्यानं ढिगावर अंग झोकून दिलं.

"अहो! पाहा ना जरा!"

तो ताडकन उठला. "अरे... सॉरी, सॉरी दीदी! दिसल्याच नाही तुम्ही."

"दीदी?" मी त्याच्या बिल्ल्याकडे बोट दाखवलं. "इथं येऊन पोरींना दीदी म्हणून राहिले तुम्ही, तर लग्न कसं होईन तुमचं?"

तो कानापर्यंत लाल झाला. "आदत आहे जी. जबलपूरमध्ये सगळ्याच दीदी..." मग डोळे चोळत म्हणाला, "रात्रपाळी करून सीधा आलो. आई म्हणे, मराठीत नाव सांग अन् ये. मराठी समजते मला, पण माईकवर..."

"मग काय सांगितलं?"

"नागसेन रामटेके, फॅक्टरीत फिटर आहो. पुढचं सारं हिंदीत. भय्यासाहेबांनी माईकच काढून घेतला हातातून."

भय्यासाहेब म्हणजे मेळाव्याचे आयोजक. मराठीच्या बाबतीत भलतेच कडक. मी हसले. सुट्टीवर येऊन आठवडा होत आला होता, पण असं मोकळं हसू पहिल्यांदाच आलं.

त्यानं माझ्याकडे नीट पाहिलं. "तुम्ही... जर्मनीवाल्या ना?"

झालं! मी मनातल्या मनात उत्तरं जुळवायला लागले. व्हिसा कधी मिळतो, नवऱ्याला तिथं काम करता येतं का, भाषा किती शिकावी लागते... सकाळपासून प्रत्येकानं हेच विचारलं होतं. माझा फोटो हातात धरून लोक जर्मनीचे भाव विचारत होते.

"झोप होते का तिथं तुमची?" त्यानं विचारलं.

बस, एवढंच. जुळवलेली उत्तरं तशीच राहिली.

"नाही होत," मी म्हटलं.

"वाटलंच. डोळ्यांखाली सेम माझ्यासारखं आहे."

"हे काय कौतुक झालं?"

"डोळे चांगले आहेत ना," तो घाईघाईनं म्हणाला, "खालचं... ते नुसतं जागरण आहे."

मला तो तिथंच आवडला होता. कबूल करायला मात्र मी वेळ घेतला.

पुढच्या रविवारी दोन्ही घरांना सांगून आम्ही भेडाघाटला गेलो. हिवाळ्याचं कोवळं ऊन, त्याच्या मोटारसायकलचा संथ वेग आणि पाठीमागे बसलेली, जांभया दाबणारी मी. नावेत आमच्यासोबत एक मोठं कुटुंब होतं. नावाड्यानं वल्ही मारता मारता आपला नेहमीचा पाढा सुरू केला.

"दाएँ देखो दूध-सा पत्थर, बाएँ देखो स्याही... जिसने यहाँ न फोटो खींची, उसने उमर गँवाई!"

सगळे हसले. मीही हसले असेन. दोन्ही बाजूंनी संगमरवराचे पांढरे कडे वर चढत गेले, पाणी हिरवं आणि गप्प झालं, आणि मग... मग मला काहीच आठवत नाही.

जाग आली तेव्हा नाव घाटाला लागलेली. डोकं नागसेनच्या खांद्यावर. नावेत चिडीचूप. नावाडी फुगून बसला होता.

"भैया ने मुँह पे उँगली रख दी," त्यानं माझ्याकडे तक्रार केली. "पूरी नाव चुप करवा दी. बोले, दीदी सो रही है। ऐसा आज तक नहीं हुआ, बताए दे रहे हैं!"

त्या कुटुंबातली आजी मात्र माझ्याकडे बघून मायेनं हसली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"काहून नाही उठवलं?" पायऱ्या चढताना मी त्याच्यावर डाफरले.

"तोंड उघडं ठेवून झोपली होती तू. छान वाटून राहिलं होतं."

"तू?"

"दीदीपेक्षा बरं नाही का?"

मी रागावण्याचा प्रयत्न केला. जमला नाही. पायऱ्यांवर बसलो, त्यानं भाजलेल्या शेंगांची पुडी आणली आणि विचारलं, "तिथली नदी कशी आहे?"

मग मी बोलतच सुटले. माइन नदी सांगितली. तिच्या काठचा आमचा वृद्धाश्रम, जिथं एरिट्रियाची, बोस्नियाची, मोरोक्कोची, फिलिपिन्सची अशा आम्ही सगळ्याजणी म्हाताऱ्यांना कुशीवर वळवतो, अंघोळी घालतो. माझ्या खोलीच्या खालचं तुर्की बाईचं भाजीचं दुकान सांगितलं, ती मला कोथिंबीर राखून ठेवते. उन्हाळ्यात संध्याकाळी काठावरच्या हिरवळीवर पन्नास देशांची माणसं चटया टाकून बसतात. प्रत्येकाची जर्मन मोडकी, आणि त्या मोडक्या जर्मनमध्येच आम्ही भांडतो, रडतो, एकमेकींच्या लेकरांची लाडानं विचारपूस करतो. दिवसभर ती भाषा बोलून घरी आलं की जबडा दुखतो. हिवाळ्यात अंधारात ड्यूटीवर जायचं, अंधारात परतायचं.

"म्हणजे शहर वाईट आहे?"

"नाही ना! तेच तर..." माझा आवाज फाटला. "वाईट असतं तर परत येणं सोपं होतं. चांगलं आहे. माणसं चांगली आहेत. मीच थकली, नागसेन. अन् हे घरी कोणाला सांगू? बाबा अख्ख्या मोहल्ल्यात सांगत फिरतात, माझी पोरगी जर्मनीत आहे."

तो शेंगा सोलत राहिला. मी जे विचारायला घाबरत होते, ते तोंडातून निघून गेलंच.

"खरं सांग. तुलाही जर्मनीच पाहिजे ना?"

त्यानं हातातली शेंग खाली ठेवली. नाही म्हण, मी मनात म्हणत होते, पटकन नाही म्हण...

"पाहिजे होती," तो म्हणाला. "खोटं काहून बोलू? मेळाव्यातून घरी गेलो अन् फोनवर सारं पाहिलं. तुझी नदी, तो लोखंडी पूल, त्याच्यावर पोरंपोरी कुलुपं लावतात ते. फिटरलाही तिकडं काम भेटते म्हणे. मीही थकलो आहो इथं."

सगळ्यांसारखाच हाही. मी ओढणीवरची टरफलं झटकली आणि उठले.

"अन् मी परत गेलीच नाही, तर?"

"तर आई नाराज होईन." तो माझ्याकडे मान वर करून पाहत होता. "मीही होईन. एक-दोन दिवस."

"अन् मंग?"

"मंग ड्यूटी सुटली की तुमच्या घरी येईन चहा प्यायला. आणखी काय करणार?"

इतकं साधं उत्तर मला कुणी दिलं नव्हतं. गोड बोलून मला गुंडाळणं त्याला सहज जमलं असतं. त्यानं ते केलं नाही, आणि माझा उरलासुरला रागही तिथंच विरला. मी परत खाली बसले. हात त्याच्या हाताजवळ ठेवला... त्यानं तो धरला. शेंगांच्या मिठानं खरखरीत झालेला हात होता त्याचा, मला सोडवेना.

संध्याकाळी तो मला घरी सोडायला आला. बाबा अंगणात खाटेवर बसून शेजारच्या काकांना सांगत होते, "यशोचं तिकडं राहणं आता पक्कं होईन, मंग आम्हीही एकदा जाऊन येऊ..."

नागसेन फाटकाशीच थांबला. "जयभीम, काका."

बाबांनी मान हलवली, पण माझ्या चेहऱ्याकडे पाहून ते थांबले.

"बाबा, मी थकली."

"फिरून आली, थकणारच. पाणी पी."

"तसं नाही, बाबा. तिकडं थकली." आता थांबले असते तर पुन्हा कधी बोलले नसते. "मला नाही राहायचं तिथं. जाईन, राजीनामा देईन, नोटिशीचे महिने भरीन अन् कायमची येऊन जाईन."

शेजारचे काका हळूच चप्पल शोधायला लागले. बाबांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. त्यांचा चेहरा मला पाहवेना.

"कधीपासून?" त्यांनी विचारलं.

"लई दिवसांपासून."

"मंग सांगितलं काहून नाही, बाई?" त्यांचा आवाज ओला झाला. "मी काय जर्मनीचा बाप आहो का?"

मी रडले, हसले, दोन्ही एकदमच. बाबा खाटेवर जरा सरकले आणि मला जवळ बसवून घेतलं. बराच वेळ पाठीवरून हात फिरवत राहिले. मग त्यांची नजर फाटकाकडे गेली.

"अन् हा?"

"नागसेन." मी डोळे पुसले. जे त्यालाही अजून सांगितलं नव्हतं, ते त्याच्या देखत बाबांनाच सांगून टाकलं. "मला आवडतो, बाबा."

फाटकाशी हेल्मेट खाली पडल्याचा आवाज आला.

"मंग तो काहून उभा आहे?" बाबा म्हणाले. "त्यालाही म्हण ना, बस."