लंगड्या शेळीचा शेरा

"मांस नको. फक्त पाय. हाडासकट."

मी असं म्हणाले आणि दुकानातली अख्खी रांग वळून माझ्याकडे बघू लागली. ओट्यामागचा तरुण खाटीक सुरी पुसता पुसता थांबला.

"कुत्रा पाळलाय का, मॅडम?"

"नाही... शेळी आहे."

"शेळीला शेळीचा पाय?"

रांग हसली. माझ्या कानाच्या पाळ्या तापल्या. "जिवंत नाहीये ती," मी घाईघाईनं म्हणाले. "तीन हजार वर्षांपूर्वी मेलीय. उत्खननात सापडली. तिचं हाड ताज्या हाडाशी जुळवून बघायचंय."

गल्ल्यावरच्या त्याच्या वडिलांनी मान वर केली. "दे रे लवकर. तीन हजार वर्षं थांबलीय बिचारी!"

आमच्या पुरातत्त्व विभागाच्या खोलीत दिवसभर हेच चालतं. उत्खननातलं हाड धुवायचं, जनावर कोणतं, वय किती, खुणा कसल्या, हे एका जाडजूड वहीत भरायचं. शेवटचा रकाना शेऱ्याचा. खोड इतकी जडलीय, की माणसंही मी अशीच भरते. त्या संध्याकाळी मनातल्या वहीत एक नोंद झाली — नर, वय सव्वीस-सत्तावीस, डाव्या अंगठ्यावर जुना वार. शेरा : सुरीपेक्षा जीभ धारदार, पण दोन्ही जपून चालवतो.

ताजं हाड मला महिन्यातून एकदा लागतं. मी दर तिसऱ्या दिवशी जाऊ लागले. तो हाडं उकळून, साफ करून, वर चिठ्ठी लावून ठेवायचा — 'मागचा डावा. वय दीड वर्षं. स्वभाव मारका.'

"स्वभाव कशाला लिहिता?" मी विचारलं.

"तुमच्या शेळीचा कळला नाही ना... म्हणून म्हटलं, हिचा तरी राहू दे."

एकदा तो पुडकं घेऊन स्वतःच खोलीवर आला. टेबलावर माझी शेळी होती — म्हणजे तिच्या पायाची नळी. मी ती मोठ्या तोऱ्यात त्याच्या हातात दिली.

"ही गाठ दिसते? पाय मोडून पुन्हा जुळला, वाकडा. आणि गाठीशेजारी या तीन रेघा — सुरीच्या. त्या थरात पाणथळीतल्या पक्ष्यांची हाडं एकदम कमी होतात. म्हणजे तळी आटली होती. चारा संपला, तेव्हा लोकांनी आधी लंगडं जनावर कापलं."

या तीन रेघांवर अहवालातलं अख्खं प्रकरण उभं होतं. माझ्या नावाचं पहिलंच. शुक्रवारी छापायला जाणार होतं.

त्यानं हाड उजेडात फिरवलं. "पण मॅडम... इथं कोण सुरी लावेल? नळीवर मांस कुठंय? कातडं सोलायचं तर सुरी गोल फिरते. हे तर कुणीतरी खरवडलंय."

नेमक्या त्याच वेळी आमच्या प्रमुख, मोठ्या बाई, दारात येऊन उभ्या राहिल्या होत्या. आणि मी... मी म्हणाले, "हाडं विकणं वेगळं आणि हाडं वाचणं वेगळं."

त्यानं हाड हळूच खाली ठेवलं. "बरोबर आहे, मॅडम," म्हणाला आणि गेला. पुडक्यावर चिठ्ठी होती. ती वाचायची माझी हिंमत झाली नाही.

मग मी भिंग घेतलं. जुनं हाड चहाच्या रंगाचं असतं. जुना घावही आतून तसाच. या तीन रेघा आतून खडूसारख्या पांढऱ्या होत्या... आणि मला आठवलं. गाठीभोवती माती घट्ट बसली होती. मला घाई होती. मी पोलादी टोच्यानं ती खरवडली होती.

नळीशेजारीच सापडलेल्या तिच्या जबड्यातले दात पार झिजलेले होते. म्हणजे लंगडी होऊनही ती म्हातारी झाली होती! पाणी आटत असताना कुणीतरी तिला बसल्या जागी चारा नेऊन दिला होता, आणि त्याच माणसांना मी निर्दयी ठरवून बसले होते.

थोडी माती, थोडा डिंक — दोन मिनिटांत रेघा चहाच्या रंगाच्या झाल्या असत्या. डिंकाची बाटली मी उघडलीही होती. ते आठवलं की आजही मान खाली जाते.

बाटली बंद केली. शेऱ्यात लिहिलं : 'खुणा आजच्या. हात माझा. पाहिलं खाटकानं.' वही बाईंपुढे ठेवली.

त्यांनी चष्मा काढला. "प्रकरण गेलं तुझं."

"हो, बाई."

"त्याला सांगितलंस?"

दुकानात नेहमीसारखीच रांग होती. त्यानं वर न बघताच विचारलं, "बोला मॅडम, कुठला पाय?"

"पाय नको. माझं... चुकलं. रेघा माझ्याच होत्या. आणि बोलले ते तर..."

"जरा मोठ्यानं बोला. बाबांना कमी ऐकू येतं."

"मला सगळं ऐकू येतंय," वडील म्हणाले. "चालू द्या."

रांगेत खसखस पिकली. माझे डोळे भरून आले. त्यानं सुरी खाली ठेवली.

"मग शेळीचं काय ठरलं?"

"कापली नव्हती. पोसली होती. पण कुणी, ते हाड सांगत नाही."

"मी सांगतो," वडील गल्ल्यावरून म्हणाले. "असल्याच एखाद्या येड्यानं. जा, दाखव तिला मागे काय बांधलंयस ते."

आता लाल व्हायची पाळी त्याची होती. दुकानामागच्या अंगणात एक म्हातारी शेळी तीन पायांवर उभी होती. चौथ्या पायावर, नळीच्या मधोमध, गाठ.

"चार वर्षं झाली," तो पुटपुटला. "कापायलाच आणली होती... हातच उचलेना. बाहेर बोलू नका, मॅडम. खाटकाची लाज जाईल."

मी गाठीवरून बोट फिरवलं. उबदार होती.

"मॅडम म्हणू नकोस," मी म्हणाले.

त्यानं हात पुढे केला, आणि लगेच मागे घेतला. "थांब... धुऊन येतो. माझे हात—"

"माझ्या हातांनी काय केलंय, ते ऐकलंस ना?" मी म्हणाले, आणि तो हात तसाच धरला.