काढून टाकलेल्या ओळी

अंकुर गेल्यावर दामिनी पुण्याची खोली सोडून सौंसरला आईजवळ आली आणि भावाच्याच टेबलावर बसून कंपनीचं काम करू लागली. काम कर्नलचं. कर्नल म्हणजे संगणकाचा कारभारी. एक काम थांबवून दुसरं हाती घेताना प्रोसेसर कुठवर पोचला होता, ते तो जपून ठेवतो आणि परतल्यावर तिथूनच पुढे चालू करतो. एका जुन्या जातीच्या प्रोसेसरसाठी हे जपण्याच्या ओळी अंकुरनं कॉलेजात असताना लिहिल्या होत्या. तो प्रोसेसर आता कोणी वापरत नव्हतं. त्या ओळी काढून टाकाव्या लागतील, असं तिच्या साहेबांनी जरा संकोचूनच सांगितलं.

तसलं एक मशीन फक्त अंकुरच्या खोलीत उरलं होतं. आई, सरलाबाई, ते बंद करू देत नसत.

"राहू दे वं. घुरघुर ऐकू आली का घरात कोणी आहे असं वाटते."

ओळी खरंच निरुपयोगी आहेत ना, हे पाहायला दामिनीनं त्यांत एक खूण घातली: इथं काही जपलं गेलं तर पडद्यावर उमटावं. काही उमटायला नको होतं. दुपारी दोन आकडे उमटले. चालू असलेल्या कुठल्याच कामाचे ते नव्हते. जुन्या मशीनचा कचरा असेल, म्हणून तिनं सोडून दिलं. दुसऱ्या दिवशी तेच आकडे, पण शेवटचे अंक किंचित सरकलेले.

एकवीस पूर्णांक काहीतरी, अठ्ठ्याहत्तर पूर्णांक काहीतरी. ते अक्षांश-रेखांश आहेत हे तिला फार उशिरा उमगलं. तिनं ते नकाशावर टाकले. पहिले आकडे सावनेरच्या पुढचे, जिथं ट्रकनं अंकुरची गाडी उडवली होती तिथलेच. मग ते सौंसरच्या रस्त्याला लागले होते. चालत्या माणसाहून कितीतरी हळू.

तिनं हे आईपासून लपवलं. दार लावून नकाशा बघत बसायची, रडायची. एकदा तर पडद्याकडं बघून हळूच "ये रे" म्हणाली.

पण आकडे वाटेतल्या लोधीखेड्याच्या फाट्याजवळ पोचले तशी तिला धडकी भरली. वडील नव्हते, म्हणून भावाला अग्नी तिनंच दिला होता. मग घराकडं हे काय येऊन राहिलं होतं?

तिनं ओळी काढून टाकल्या.

मशीन बिनतक्रार सुरू झालं. साऱ्या चाचण्या पास.

संध्याकाळी सरलाबाई खोलीच्या दारात येऊन थांबल्या. मशीन घुरघुरतच होतं. तरी त्या म्हणाल्या, "दामिनी, घर एकदमच रिकामं झालं वं."

आई वळताच तिनं ओळी परत घातल्या. पडद्यावर दोन शून्यं उमटली. सकाळीही तीच.

पुढं काही दिवसांनी संत्री विकायला येणारा सुखदेव क्रेट घेऊन आला. त्याचा बगीचा लोधीखेड्याच्या फाट्याशी. चहा पिता पिता तो सांगत होता, की एक पोरगा तिथं उन्हात उभा असतो, चांगल्या घरचा दिसतो, कोणाला त्रास म्हणून नाही.

"म्या म्हटलं, बापा, बसमध्ये बसवून देतो." सुखदेवनं कप खाली ठेवला. "तर मलेच विचारते, 'काका, मी कुठी जाऊन राह्यलो होतो?'"