जरा जास्तच जाड उशी

खर्रर्रऽऽ!

असा आवाज झाला आणि रेश्माच्या हातातनं टेप सुटली. विश्रामबागेत दस्तगीरचाचांच्या कुशनच्या दुकानासमोर स्पीडब्रेकर होता. तिथं रोज काही ना काही आपटायचंच. पण आजचं बघून तिचं तोंड उघडंच राहिलं. लालभडक, चपटी, जमिनीला चिकटलेली गाडी… आणि ती स्पीडब्रेकरवर पोट टेकून बसलेली! मागं उसाचा ट्रॅक्टर भोंगा वाजवून वाजवून बेजार.

गाडीतनं एक पोरगा उगवला. आधी पाय, मग डोकं, मग राहिलेला सगळा.

"ताई, जरा धक्का…"

"ताई कुणाला म्हणतोस रं?" रेश्मा भडकली. "आन हिची मागची सीट कुठाय? इकलीस का काय?"

"हिला मागची सीट नसतीच. दोघांचीच गाडी हाय."

"आं?"

रेश्माला खरंच पटेना. नववीत शाळा सोडून ती मशीनवर बसली, त्याला आता पाच वर्षं झाली. जीप, टेम्पो, वडापच्या गाड्या… सगळ्यांच्या सीटा हाताखालनं गेल्या. पण एवढी मोठी गाडी, आणि माणसं दोनच?

धक्का मात्र तिनं दिला. जोरात. गाडी सुटली, आणि पोरगा हसला. हसताना त्याची एकच भुवई वर जायची. रेश्माच्या नजरेतनं वाकडा टाका सुटत नव्हता, ही भुवई कुठली सुटायला!

त्याचं नाव ऋषिराज. गाव रहिमतपूर, नोकरी इथं ठिबक सिंचनाच्या ऑफिसात. वडलांनी, म्हणजे दादांनी, शेतावर फिरवायला जुनी जीप बघायला म्हणून पुण्याला धाडलं होतं, आणि हा ही लाल गाडी घेऊन आला.

"दादा काय म्हणाले मग?"

"काय न्हाई. त्या दिवसापासनं बोललंच न्हाईत."

दोन दिवसांनी तो परत हजर. पँट मांडीवर ओली.

"बाटली ठेवायची जागा कोपराच्या मागं दिलीया. गिअर टाकला की कोपर बाटलीवर आन पाणी मांडीवर. ऑफिसात लोक काय बी समजत्यात."

रेश्मा इतकी हसली की चाचा उठून बघायला आले. मग तिनं रेग्झिनची पिशवी शिवली, पायाजवळ अडकवून दिली.

पुढच्या आठवड्यात डिकीचं गाऱ्हाणं. "इंजिन मागं हाय ना. आईसाठी साताऱ्याचे कंदी पेढे ठेवलेले. घरी गेलो तवा नुसतं पिठलं!"

रेश्मानं डिकीवर हात ठेवला आणि चटकन काढला. "आगं आई गं! ही डिकी हाय का चूल?"

मग दार. दार एवढं लांब की शेजारी हातगाडा उभा राहिला आणि हा आतच अडकला. रेश्मा काचेतनं चहा द्यायला गेली, तर सीट इतकी खाली की तिला रस्त्यावर उकिडवं बसावं लागलं. कप त्याच्या हातात गेला… आणि दोघांचे डोळे पहिल्यांदा एका उंचीवर आले. भर दुपारी, बाजूनं पाचटाचा धुरळा उडवत ट्रॅक्टर जात होते. चहा गार झाला.

"रेश्मा," चाचा आतनं म्हणाले, "ह्या पोराच्या गाडीत बिघाड कमी आन फेऱ्या जास्त हायत बघ."

"चाचा, तुमी गप बसा की!" ती खेकसली. कान मात्र गरम झालेले.

आणि मग तो शुक्रवार आला.

"शेजारच्या सीटवर उशी पायजे," ऋषिराज खाली बघत म्हणाला. "सीट लय खोल हाय. बसलं की उठता येत न्हाई."

"बसणारा कोण?"

"बसणारा न्हाई… बसणारी. रविवारी आणायची हाय. लय महत्त्वाचं माणूस हाय माझं."

कट्! मशीनची सुई मोडली. रेश्मा त्या मोडक्या सुईकडं बघतच बसली. महिनाभर आपण शिवतोय, हसतोय, रस्त्यावर बसून चहा देतोय… आणि ह्याची कुणीतरी हायच?

"माप?" ती कशीबशी म्हणाली.

"उंचीनं तुझ्यापेक्षा बुटकी. दोन बोटं जाडी पुरं."

तो गेला, आणि रेश्मानं सहा बोटं जाडीचा फोम काढला. दुकानातला सगळ्यात कडक. चाचा डोळे फाडून बघत राहिले.

"एवढा?"

"गिऱ्हाइकानंच सांगितलंय," ती चक्क खोटं बोलली. बस म्हणावं, महाराणी. बस आणि आपट टाळकं. शनिवारी तो आला तेव्हा तिनं उशी त्याच्या अंगावर फेकली आणि पाठ फिरवली.

रविवारी खर्रर्रऽ झालं.

बघायचं नाही, बघायचं नाही म्हणता म्हणता रेश्मानं बघितलं. आणि दारातच थिजली. शेजारच्या सीटवर एक बाई. डोकं छताला टेकलेलं, मान एका खांद्यावर, पदर नाकावर. वय पन्नास तरी!

"आई," ऋषिराज घाम पुसत म्हणाला, "ही रेश्मा."

आई?

"आधी मला काढा!" शालूबाई ओरडल्या. "रहिमतपुरापासनं मान वाकडी करून आलीया मी. एकेका स्पीडब्रेकरला टाळकं छताला! कुणी शिवली ही उशी?"

रेश्मा पुटपुटली. "मी…"

"अस्सं. शिकलीस किती?"

"नववी… ती बी अर्धीच."

"आईबाप कुठं असत्यात?"

"म्हसवडला."

"सैपाक येतो?"

"येतो. पर चव न्हाई."

आणि मग तिच्या डोक्यात उजेड पडला. हे प्रश्न! बाईंच्या मांडीवर नारळ, खण, हळदीकुंकवाची पुडी. दुसरीकडं ठेवायला जागाच नाही ना ह्या गाडीत! म्हणजे हे बघायला आलेत… आपल्याला? केसात कापूस, हाताला चिकट डिंक, आणि आपण असे उभे?

"बघायला पाच माणसं जात्यात," शालूबाई वाकड्या मानेनंच म्हणाल्या. "पर ह्याच्या डबीत बसणार कोण? दादा तर म्हणाले, ही गाडी असंपर्यंत मी येत न्हाई. म्हणून आमी दोघंच. आता खरं सांग. हात चांगला हाय तुझा, टाका सरळ हाय. म्हंजे उशी चुकून जाड झाली न्हाई. का केलीस?"

खोटं सांगावं? माप चुकलं म्हणावं? सगळं निभावलं असतं. खरं सांगितलं तर नारळ आल्या पावली परत जाणार. रेश्मानं एकदा ऋषिराजकडं बघितलं. तो श्वास धरून उभा होता.

"रागानं केली," ती म्हणाली. "मला वाटलं, दुसरीच कुणी बसणार हाय. तिचं टाळकं आपटावं म्हणून…"

"आन आपटलं माझं!"

मग गाडीच हलायला लागली. शालूबाई आत हसत होत्या, पोट धरून, डोळ्यातनं पाणी काढत. रेश्मानं दोन्ही हात धरून त्यांना ओढलं. त्या बाहेर आल्या, मान सरळ केली, आणि तिचा हात काही सोडला नाही.

"बघ रं ऋष्या. पोरीनं मनातलं माझ्या तोंडावर सांगितलं. आन तू महिनाभर नुसत्या बाटल्या आन पेढं!"

ऋषिराज लाल झाला. गाडीपेक्षा लाल.

"खरं सांगू?" तो रेश्माला म्हणाला. "पेढे मी ठेवलेच नव्हते. दारापाशी तो हातगाडा बी… मीच उभा करायला सांगितलावता. तुझ्याकडं यायला कायतरी बिघडायला पायजे ना! मला तू आवडतीस, रेश्मा. लय."

रेश्मा थक्क होऊन बघतच राहिली. नाकावर आलेला राग कुठं गेला ते तिलाच कळेना. शालूबाईंनी चाचांना हाक मारली. "आवं चाचा, या हिकडं. पोरीकडनं कुणीतरी मोठं माणूस पायजे. म्हसवडला आईबापाला विचारायला आमी येतोच."

कपाळाला कुंकू लागलं. ओढणीत नारळ आणि खण पडला. रेश्मानं ओढणीची टोकं घट्ट धरली आणि ऋषिराजकडं डोळे वटारून बघितलं. डोळे भरलेले होते तरी.

"इथनं पुढं," ती म्हणाली, "काय बिघडलं नसलं… तरी येत जा."