दोन रंगांच्या मधात

पहिल्या भेटीतच मी त्याच्यावर ओरडले. पोंभुर्ण्याच्या बाजाररस्त्यावर आमच्या कॉम्प्युटर क्लासला लागूनच गाड्या रंगवायचं गॅरेज होतं. मी क्लासच्या पायरीवर पाय ठेवला आणि त्याच्या स्प्रेगनचा निळा फवारा सरळ माझ्या पांढऱ्या ओढणीवर!

"डोळे हायेत का बटनं?"

"डोळे हायेत. पण ते तुमच्याकडे गेले... अन् हात भलतीकडे."

मिथुन त्याचं नाव. मी रागाने ओढणी झटकायला गेले आणि थबकले. तो निळा डाग मधोमध गडद होता, मग कडेकडे विरत गेला होता — नेमका कुठे संपला, सांगताच येईना.

आठवडाभर मी हेच तर शोधत होते! नागपूरच्या एका स्टुडिओने नोकरीच्या परीक्षेसाठी थ्रीडी मासा बनवायला सांगितला होता. माझे बाबा, मनसाराम, तलावात जाळं टाकणारे. म्हणून मी रोहू निवडला. आकार जमला, ग्रेडियंट, म्हणजे एक रंग दुसऱ्यात विरत जाणं, जमेना. पाठ काळपट हिरवी, पोट चंदेरी आणि दोन्हींच्या मध्ये सुरीने कापल्यासारखी रेघ. क्लासचे सर म्हणाले होते, "नेटवरून तयार रंग घे अन् चिकटव. कोणाले कळते?"

"मले कळते," मी म्हणाले होते.

"हे कसं केलं?" मी मिथुनपुढे ओढणी धरली.

"आता तं भांडून राह्यल्या होत्या न?"

"भांडण उद्या. आधी हे सांगा."

त्याने एक जुना पत्रा घेतला. गन लांब धरली, हात कुठेही थांबू दिला नाही. "दोन रंग एकदम नाई भेटवायचे. मधात जागा सोडायची, तिथी दोघायचा मिळून तिसरा येऊ द्यायचा. अन् थोडे शिंतोडे पडू द्या. लई साफ झालं का खोटं वाटते."

मी स्क्रीनवर तसंच केलं. रंगपट्टीवरचे दोन ठिपके लांब सरकवले, मध्ये पिवळसर राखाडी तिसरा टाकला, वर किंचित खरखरीतपणा मिसळला. रेघ विरघळली. मासा आत्ताच पाण्यातून काढल्यासारखा ओला दिसू लागला.

मिथुन खिडकीशी उभा होता. माशाकडे कमी बघत होता, माझ्याकडे जास्त. मग तो रोजच त्या खिडकीशी दिसू लागला... आणि 'तुम्ही'चं 'तू' कधी झालं, कळलंही नाही.

नोकरी मिळाली त्याच आठवड्यात वरोऱ्याचे पाहुणे मला बघायला आले. मुलाचे मामा, गुणवंतराव, चहा पिता पिता म्हणाले, "लग्नानंतर हे कॉम्प्युटर-बिम्प्युटर बंद. नागपूरले एकटी पोरगी शोभत नाई." मुलगा बशीकडे बघत राहिला. आई मला डोळ्यांनी गप्प बसायला सांगत होती.

"मंग माह्याकडून नाई समजा," मी म्हणाले.

"लई मोकळं सोडलं पोरीले, मनसारामभाऊ," गुणवंतराव बाबांना म्हणाले.

बाबांनी मान वर केली. "चार वर्षं माह्यासंगं जाळं ओढलं तिनं, भाऊ. तवा कोणी नाई म्हटलं का पोरीले शोभत नाई."

पाहुणे उठले. मी तडक गॅरेज गाठलं. मिथुन तोंडाला रुमाल बांधून ट्रॅक्टरचं बोनेट रंगवत होता.

"सोमवारी मी नागपूरले जाऊन राह्यली."

गन बंद झाली. "जा... जायलेच पाह्यजे." मग खाली बघत, "मी... येईन कधीतरी..."

"कधीतरी नाई. दर रविवारी. मले तू आवडतो, मिथुन. तुले हे बोलाले वर्ष लागलं असतं, म्हणून मीच बोलून राह्यली."

त्याने रुमाल खाली ओढला. कान लालबुंद झाले होते. समोरच्या चहाटपरीवरची माणसं वळून बघू लागली.

"लोक पाहून राह्यले, दामिनी..."

"पाहू दे."

तो टपरीकडे वळला आणि सगळ्या बाजाराला ऐकू जाईल असा ओरडला —

"रविवारी पहिल्या बसनं येतो!"