बांगड्या कोणाच्या वाजल्या?

वाल्मिकभाऊ रजेवर नसते, तर मी त्या वाडीला गेलेच नसते. पारनेर तालुक्यातल्या आमच्या छोट्या टेलिफोन एक्स्चेंजवर तक्रारी लिहून घेणं माझं काम, आणि घरोघर जाऊन लाईन दुरुस्त करणं त्यांचं. पण आयटीआय मीही केलंय. आणि एकाच घरून तिसऱ्यांदा तक्रार आली, की मला स्वस्थ बसवत नाही. ‘लँडलाईनवर फोन आला की इंटरनेट जातं.’ मी हत्यारांची पिशवी घेतली आणि भुरभुर पावसात स्कूटी काढली.

दार उघडलं ते एका उंच, चष्मेवाल्या मुलानं. त्यानं माझ्या मागं डोकावून पाहिलं.

“लाईनमन कुठायत?”

“समोर उभी आहे.”

तो इतका लाजला, की मला चिडायचं राहूनच गेलं.

हर्षल त्याचं नाव. नोकरी पुण्यातल्या कंपनीत. पण दोन वर्षांपूर्वी वडील गेले, तेव्हापासून आईसाठी तो घरूनच काम करायचा. वाडीत मोबाईलला रेंज नाही, फायबर अजून पोचलेलं नाही. फोन आणि इंटरनेट, दोन्ही एकाच जुन्या तारेवर.

“साहेबांनी शेवटचं सांगितलंय,” तो म्हणाला. “शनिवारपर्यंत मीटिंग तुटायची थांबली नाही, तर सोमवारपासून पुण्यात हजर व्हायचं. आईला एकटं टाकून कसं जाऊ, सांगा.”

त्याची आई, भागूबाई, चहा घेऊन आली. “टेलिफोन हापिसातून आलीस व्हय, बाय?” एवढंच म्हणाली, आणि बशी ठेवून माझ्या हत्यारांच्या पिशवीकडे बघत राहिली.

मी फोनच्या तारेला स्प्लिटरची पांढरी डबी लावली. ही डबी बोलणं आणि इंटरनेट वेगवेगळं ठेवते. ती नसलेला फोन उचलला, की मोडेमचा हिरवा दिवा विझतो. मी रिसीव्हर उचलून पाहिला. दिवा मिणमिणलासुद्धा नाही.

“घरात दुसरा फोन नाही ना?”

“नाही,” हर्षल म्हणाला. भागूबाई कपबशा उचलून आत गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळीच चौथी तक्रार! माझा अगदी पोपट झाला. मग आमचं ठरलं: रोज दुपारी बाराला मी एक्स्चेंजवरून त्याला फोन करायचा, आणि त्यानं मोडेमसमोर बसून दिवा बघायचा.

“दिवा आहे?”

“आहे.”

“आता?”

“आहे... आहे... गेला!”

घड्याळ लावून पाहिलं. त्यानं फोन उचलल्यावर वीसेक सेकंदांनी दिवा जायचा. लगेच का नाही? मला काही केल्या उमगेना. आणि खरं सांगायचं, तर बारा कधी वाजतात याची मी नऊपासून वाट बघायला लागले होते.

“मॅडम, ऐन जेवणाच्या वेळेला फोन करता. भूक लागत नाही?”

“तक्रार मिटल्याशिवाय घास उतरत नाही माझ्या घशाखाली.”

“मग इतक्यात मिटवू नका... म्हणजे — मिटवाच! पण —”

“पण काय?”

“...दिवा गेला.”

त्या दिव्याचा मला इतका राग आला! तक्रार मिटली तर हे फोन बंद होणार, आणि नाही मिटली तर हर्षलच जाणार. रात्रभर विचार केला. फोन बंद झाले तरी चालतील, पण तो इथंच राहायला हवा, हे मला अगदी स्पष्ट कळलं.

शुक्रवारी त्याचा आवाज खोल गेला होता.

“उद्या शेवटची मीटिंग. सोमवारी मी पुण्यात असेन, धनश्री.”

पहिल्यांदाच नावानं हाक! मी रिसीव्हर कानाशी घट्ट धरला.

“तिथं रेंज आहे, फायबर आहे, सगळं आहे. पण दुपारी बाराला... तुम्ही —” तो थांबला. “गेला दिवा.”

आणि तेवढ्यात मला ऐकू आलं. किणकिण.

“हर्षल, तुमच्या हातात बांगड्या आहेत?”

“माझ्या? नाही हो!”

“मग वाजल्या कोणाच्या?”

पलीकडे कोणीतरी नाक ओढलं.

“माज्या हायेत,” भागूबाईचा आवाज आला. “मी हाय, बाय. कांद्याच्या चाळीतनं बोलतीय.”

मी स्प्लिटरची दुसरी डबी घेऊन निघाले ती थेट घरामागच्या, कांदे साठवायच्या चाळीतच. हर्षल तिथं आधीच पोचला होता. कांदा निवडता निवडता भागूबाई उभी राहिली. बाजूला बारदानाखालून एक लाल फोन डोकावत होता. तो कधीच काढून टाकलाय, असं हर्षल समजत होता.

“ह्यांनी कुनाला न इचारता तार वढली हुती,” ती म्हणाली. “तुमचं मानूस आलं की आमी फोन दडवायचो. दंड करत्याल म्हनून. आता पोराला पुन्याहून बोलावनं येतंय का, तेवढंच ऐकायची मी. घंटी वाजली की बारदान काढून उचलायची... माज्यामुळंच जातंय व्हय गं ते नेट?”

आता वीस सेकंदांचा हिशेब लागला. पोरगा जाईल या भीतीनं ती फोन उचलत होती, आणि त्या उचलण्यानंच तो जाणार होता.

“दंड काही नाही, मावशी. ह्या फोनला फक्त डबी नव्हती.”

“मंग तार तोडू नगंस. त्यांच्या हातची हाय.”

“नाही तोडत.”

मी डबी लावली आणि लाल फोनचा रिसीव्हर उचलून धरला. हर्षल घरात पळत जाऊन मोडेम बघून आला. “दिवा आहे!” तो धापा टाकत म्हणाला, आणि नुसता माझ्याकडे बघत राहिला.

“आरं बघतोस काय?” भागूबाई म्हणाली. “मगाशी माज्यामुळं तुजं अर्धंच ऱ्हायलं. पुरं कर की!”

त्याचे कान लाल झाले.

“दुपारी बाराला... तुम्ही लागता मला. म्हणजे बाराला असं नाही — कायमच.”

“तक्रार लिहून घेतली,” मी म्हणाले. “आणि... मलाही तुम्हीच लागता.”

शनिवारची मीटिंग एकदाही न तुटता पार पडली, आणि हर्षलचं पुण्याला जाणं टळलं. मार्गशीर्षात आमचं लग्न आहे. तोवर बाराचा फोन चालूच आहे. आता दिवा विझत नाही, त्यामुळे चाळीतून कोणी ऐकतंय का, हे कळायला मार्गच उरला नाही. म्हणून ठेवण्याआधी मी न चुकता म्हणते, “आई, जेवून घ्या आता.”

बहुतेक वेळा कोणीच बोलत नाही. कधीकधी बांगड्या किणकिणतात, आणि “घेते गं बाय,” असं उत्तर येतं.