चार हिसके

पाणी तीन अंशांवर होतं, हवा शून्याखाली, आणि माझा दीर अस्लाक बोटीचं इंजिन बंद करत म्हणाला, "वहिनी, आज उबदार आहे." ट्रोम्सच्या उत्तरेला, डोंगरांत शिरलेल्या आमच्या फियोर्डात, मार्चमधल्या दुपारी असं म्हणायची पद्धतच आहे.

माझी मुलगी सुनिवा बोटीच्या काठावर बसून पायात पोहायचे फिन्स चढवत होती. बुडालेल्या कोळशाच्या बोटीवर तिची ही पहिली एकटीची डुबकी. अकरा मीटरवर, चिखलात कुशीवर पडलेली बोट. ऐंशी वर्षांपूर्वी बुडाली तेव्हा तिच्यावरचे सगळे वाचले. चर्चच्या वहीत तसं लिहिलंय. म्हणून तर आम्ही तिथे निर्धास्त उतरतो.

"आई, चेहरा नीट कर. मी लढाईला नाही चाललेय."

"चेहरा जन्मापासून असाच आहे. तू दोराकडे बघ."

दोर धरायचं काम माझं; दुसरं टोक उतरणाऱ्याच्या कमरेला. सत्तावीस वर्षं धरतेय. आधी नवऱ्याचा, त्याची पाठ कामातून गेल्यावर हिचा. कोणी शिकवलं नाही, हाताला कळत गेलं. आमच्याकडे दोराचं टोक बोटीला बांधत नाहीत. हातमोजा काढून उघड्या मुठीत धरतात, कारण बांधलेल्या दोरातून काही कळत नाही. मी एक हिसका द्यायचा: ठीक आहेस ना? खालून एक आला की ठीक. चार आले की वर ओढायचं. विचारत बसायचं नाही.

ती उतरली. पाच मिनिटांनी मी विचारलं. लगेच उत्तर आलं, घाईचं. सुनिवाचं सगळंच घाईचं.

वारा सुटला. लाटांत तिचे बुडबुडे दिसेनात. दहाव्या मिनिटाला पुन्हा विचारलं. उत्तर आलं, पण सावकाश.

"सुधारली वाटतं पोरगी," मी म्हणाले.

"म्हणजे तुझ्यावर नाही गेली," अस्लाक म्हणाला.

पंधराव्या मिनिटाचा हिसका आणखी शांत होता. ज्याच्याकडे वेळच वेळ आहे, अशा कुणाचा. मला बरं वाटायला हवं होतं. मी उठले, बसले, हात बदलला, उगाच पुन्हा विचारलं. पुन्हा उत्तर आलं.

"अगं, बघू दे तिला काही! सारखं दार काय वाजवतेस?"

तेवढ्यात आमच्या पाठीमागे पाणी फुटलं. सुनिवाचं डोकं वर आलं. कमरेला दोर नव्हता.

"अडकला होता गं, खालच्या बोटीच्या झाकणाखाली," तोंडातली नळी काढत ती म्हणाली. "कमरेचा सोडला आणि तिथल्याच कठड्याला अडकवून ठेवला. ओरडू नकोस."

"कधी?"

"तुझा पहिला हिसका आला ना? त्याला उत्तर दिलं, त्यानंतर लगेच."

मी ओरडले नाही. ते पाहून तीच घाबरली.

अस्लाकनं काखेत हात घालून तिला आत घेतलं, कॉफी दिली. दोन घोट घेतल्यावर ती म्हणाली, "जाऊन सोडवून आणते. दोन मिनिटांचं काम."

"नाही."

"आई, दोर नवा आहे."

"तू पुन्हा या पाण्यात उतरायचं नाहीस."

दोर अजून माझ्या मुठीत होता. अडकलेला दोर ताठ असतो. हा सैल होता.

मग एक आला. दोन. तीन. चार.

सुनिवानंही पाहिलं. दोर काठावर आपटून पाणी उडत होतं.

"आई, ओढू नकोस."

पुन्हा चार. तेवढेच शांत.

सत्तावीस वर्षांत चार हिसके आल्यावर मी कधी थांबले नव्हते. हात ओढायला लागलेही होते. टोकाला वजन आलं. माणसाएवढं.

अस्लाकनं इंजिन सुरू केलं.

मी मूठ उघडली.

दोर सुटून बुडाला नाही. हातभर आत गेला, थांबला, मग आणखी हातभर. खाली कुणीतरी नीट वेटोळं घालत असावं तसा. शेवटचं टोक काठावरून जायला निघालं, आणि माझ्या बोटांनी ते सवयीनं पकडलं.

ओढ थांबली.

मग एकच हिसका आला. हलका, काळजीचा.

मी उत्तर दिलं.