दादाच्या खुर्चीतली टिकटिक

ही गोष्ट खरी आहे. विश्वास ठेवा, नाहीतर सोडून द्या. मला आता कशाचंच काही वाटत नाही.

गुरुवार होता, दुपारचे तीन. आमच्याच घरातली पुढची खोली, जिथे दादाचं शिलाई मशीन आहे.

दादा म्हणजे माझा थोरला भाऊ, शिंपी. पाच वर्षांपूर्वी त्याच्या हृदयात धातूची झडप बसवली होती. खोली शांत असली की ती ऐकू यायची. टिक... टिक... मी त्याला 'घड्याळजी' म्हणून चिडवायचे. वहिनीला तर तो आवाज ऐकल्याशिवाय झोप यायची नाही. आवाजात आवाज मिसळू नये म्हणून तिने घरातली सगळी घड्याळं काढून टाकली होती.

मग दादाची दाढ दुखायला लागली. मी त्याला दातांच्या डॉक्टरांकडे नेलं. झडपेचं आधी सांगायचं असतं, औषध घेऊन मगच दाढ काढायची असते.

मी सांगायला विसरले.

महिन्याभरात ताप. काढलेल्या दाढेतून जंतू रक्तात शिरून थेट झडपेवर जाऊन बसले होते. छाती पुन्हा उघडावी लागली. सर्जन म्हणाले, खराब झालेली झडप काढली, प्राण्याच्या हृदयावरच्या पडद्यापासून बनवलेली बसवली. हिला आवाज नसतो.

दादा वाचला. मी रडलेसुद्धा नाही.

त्या गुरुवारी दादा आतल्या खोलीत पडला होता. मी त्याच्या गोळ्या काढत होते. आणि पुढच्या खोलीतून...

टिक... टिक...

घरात घड्याळ नव्हतं.

मी दारातून पाहिलं. मशीनपुढची खुर्ची रिकामी होती. वहिनी जमिनीवर बसून खुर्चीच्या पाठीला कान लावून होती.

"हळू बोला, वन्सं," ती म्हणाली. "हे आत्ताच झोपलेत."

मला घाम फुटला, असं लिहायला हवं. पण फुटला नाही. मी नुसती उभी राहिले.

आतून दादाने हाक मारली.

"चिमे, तिला सांग ना, मी इथे आहे."

मी तोंड उघडलं. पण टिकटिक खुर्चीतूनच येत होती... आणि आतल्या खोलीत काहीच वाजत नव्हतं.

याला चार महिने झाले. वहिनी खुर्चीपाशीच झोपते. दादा जेवतो, बोलतो, कापड बेततो. पण उभ्यानेच. त्या खुर्चीत तो बसत नाही.

रोज मला म्हणतो, "चिमे, एकदा माझ्या छातीला कान लावून बघ ना."

नव्या झडपेला आवाज नसतो, हे मला माहीत आहे. पण ठोके तर असतात...

मी अजून कान लावलेला नाही.